गोसेची नहर आणि जाफन्याची घरं : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, भारतानं १,३७२ कोटी देऊन श्रीलंकेत, मुख्यतः जाफन्याकडच्या उत्तर भागात, उभारलेल्या ५० हजार घरांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. टेलच्या कास्तकाराच्या बांधीत गोसेचं पाणी नाही आणि आपलं सरकार जाफन्यात घरं बांधून राहिलं. ते १,३७२ कोटी इकडं आले असते तर?"

पाणी नाही हे खरंच. गोसे म्हणजे आपलं गोसीखुर्द धरण, अन् टेल म्हणजे त्याच्या नहरीचं, कालव्याचं, शेवटचं टोक. माझीही धानाची बांधी टेललाच आहे. यंदाची रोवणी मोटारीवर झाली.

पण हिशेब करू. गोसीखुर्दची कोनशिला १९८८ ची, पहिला अंदाज ३७२ कोटींचा. २०१६ पर्यंत तो १८ हजार कोटींवर गेला. लंकेतली सगळी ५० हजार घरं या नुसत्या वाढीच्या दहाव्या हिश्शातही सहज मावतात. आपली नहर अडली ती रखडलेल्या भूसंपादनात आणि तडकलेल्या अस्तरात. जाफन्याच्या आधीपासून अडली आहे ती.

मला त्या घरांचं कौतुक होतं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. मे २००९ मध्ये तिथलं युद्ध संपलं, छावण्यांतली माणसं गावी परतली, तर घराच्या जागी झुडपं आणि शिवारात सुरुंग. भारतानं पहिली हजार घरं ठेकेदाराकडून बांधून घेतली. पुढच्या बहुतेक घरांना मात्र ठेकेदारच ठेवला नाही. पैसा हप्त्याहप्त्यानं थेट घरमालकाच्या खात्यात. विटा त्यानं घ्यायच्या, गवंडी त्यानं ठरवायचा. काम जसं वर चढेल तसा पुढचा हप्ता. आपलं घरकुलच म्हणा ना! फक्त ज्याच्याकडं धड ओळखपत्रही उरलं नव्हतं, अशा माणसासाठी. नहरीचं अस्तर ओतताना टेलच्या कास्तकाराला कोणी विचारलं होतं का?

"पैसा पुरला का, ते लिहिलं नाही" हा तुमचा टोला मात्र बरोबर बसला. लिहायला हवं होतं. घरामागं साडेपाच लाख लंकेचे रुपये, म्हणजे तेव्हाचे आपले अडीच लाखांच्या आसपास. सिमेंट-रेती महागली, काहींनी घरही मोठं काढलं, आणि बरीच कुटुंबं कर्जात गेली. घरकुलाच्या मूळ १ लाख २० हजारांत स्लॅब पडत नाही, हे माहीत असूनही मी तो भाग गाळला. मूळ लेखात आज जोडतो.

धान कापून झाले की या पवनीला. धुऱ्याधुऱ्यानं टेलपर्यंत जाऊ. फोटो मी काढतो, अर्ज तुम्ही लिहा. तुमची भाषा माझ्यापेक्षा तिखट आहे.