कोर्टाची रीत सांगणारं मराठी पुस्तक कुठे आहे?

भाचीनं यंदा लॉला प्रवेश घेतला. तिची पुस्तकं घ्यायला परवा पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात गेले होते. ती यादी दाखवत होती तोवर मी मराठी कायद्याचं कपाट चाळत उभी राहिले आणि आमच्या घरी समन्स आलं तो दिवस आठवला.

घराच्या वाटपाचा दावा होता. कोर्टाचा बेलिफ आला, आईनं सही केली आणि कागद देवघराशेजारी ठेवून दिला. 'तारखेला बघू.' समन्स हातात पडल्यापासून दिवस मोजले जातात, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, ३० दिवसांत द्यायची असते. न्यायाधीशांनी कारणं नोंदवून मुदत वाढवली तर ९० पर्यंत. आम्ही वकील गाठला तोवर 'विना कैफियत' आदेश झाला होता. तो रद्द करून घ्यायला अर्ज, वर कॉस्ट, म्हणजे कोर्टानं भरायला लावलेला खर्च. आई दोन महिने नीट झोपली नाही. चूक आमचीच, पण ती टाळायला दोन पानं पुरली असती.

ती दोन पानं मला त्या कपाटात सापडली नाहीत. कलमवार संहिता आहेत, परीक्षेची गाईड आहेत. त्यांचा उपयोग आहेच. पण वकीलपत्रावर सही करताना काय वाचायचं, रोजनाम्याची, म्हणजे दर तारखेला कोर्टात काय झालं त्या नोंदीची, नक्कल कशी मागायची, हे घरच्या माणसाला समजेल असं सांगणारं पुस्तक दिसलं नाही. दरखास्तीबद्दल तर काहीच नाही. दावा जिंकला की ताबा मिळाला असं लोक धरून चालतात. हुकूमनामा, म्हणजे निकालाचा कोर्टाचा आदेश, हातात आल्यावर त्याच्या अंमलबजावणीसाठी वेगळी दरखास्त करावी लागते, ताब्याच्या हुकूमनाम्याला त्यासाठी १२ वर्षांची मुदत असते, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेतला २१ वा आदेश, सगळ्यांत लांबलचक, याच कामासाठी आहे. माणसं खरी थकतात ती इथे. लिहिणाऱ्यांनी सुरुवात इथूनच करावी असं मला मनापासून वाटतं.

जुनी पुस्तकं घेणाऱ्यांना एक कळकळीची सूचना. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचे कायदेही बदलले. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार; नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. म्हणून आधी आवृत्तीचं वर्ष बघा. जुनं पुस्तक रद्दीत मात्र घालू नका, त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना दंड संहिताच लागते.

कुणी म्हणेल, हे सगळं वकील सांगतातच. चांगले वकील सांगतात, आमच्या वकीलबाईंनी सांगितलं. पण शिवाजीनगर कोर्टाच्या व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट बघत उभ्या असलेल्या बाईला प्रश्न काय विचारायचा हेच माहीत नसतं. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, १९८७ च्या कायद्यात तशी तरतूद आहे. हे तिला कुठल्या मराठी पुस्तकाच्या पहिल्या पानावर वाचायला मिळतं?

पुण्यात दिवाणी काम करणारे कितीतरी ज्येष्ठ वकील ही पोस्ट वाचतील. तुमच्यापैकी कुणी दरखास्तीवर साध्या मराठीत शंभर पानं लिहिणार असाल, तर मला कळवा. कच्चा खर्डा मी आईला वाचून दाखवीन, आणि ती जिथे अडेल तिथे पेन्सिलनं खूण करून तुम्हाला परत आणून देईन.