शिक्षा आहे, पण सुटकेनंतर काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

मानवी तस्करीविरोधी विधेयक रखडल्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. पोलीस खात्यात उभी हयात घालवलेल्या माणसाने वेळ काढून लिहिलं, तर उत्तरही नीट द्यायला हवं. तुमचे आक्षेप दोन. पहिला असा की कायदे पुरेसे आहेत, खोट अंमलबजावणीत आहे आणि मी उगाच सरकारच्या नावाने खडे फोडते. दुसरा असा की एकीकडे मी ‘कायदा करा’ म्हणते आणि दुसरीकडे २०१८ च्या विधेयकाला विरोध करणाऱ्यांचीही बाजू घेते.

शिक्षेपुरतं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. सरकारने काहीच केलं नाही, असं मी लिहिलेलं नाही. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ मध्ये दंड संहितेचं मानवी तस्करीचं कलम ३७० नव्याने लिहिलं गेलं. २०१९ च्या दुरुस्तीने हे गुन्हे एनआयएच्या, म्हणजे राष्ट्रीय तपास संस्थेच्या कक्षेत आले. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ लागू आहे. किमान सात वर्षं, बळी अल्पवयीन असेल तर दहा वर्षं ते जन्मठेप, आणि पोलीस किंवा सरकारी नोकर सामील असेल तर मरेपर्यंत तुरुंगवास. भीक मागायला लावणंही आता शोषणाच्या व्याख्येत आलं आहे. याहून कडक काय करणार?

पण हे सगळं आरोपीबद्दल झालं. जिची सुटका झाली, तिच्या पदरात काय पडतं?

तुम्ही छापे घातलेत, तेव्हा क्रम तुम्हाला सांगायला नको. बनावट गिऱ्हाईक, नंबर टिपून ठेवलेल्या नोटा, दोन पंच, इशारा मिळताच छापा, पंचनामा, मग पहाटेपर्यंत जबाब. त्यानंतर वैद्यकीय तपासणी, दंडाधिकाऱ्यांपुढे हजेरी आणि सुधारगृहात रवानगी. पेपरातली बातमी इथे संपते. पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७ खाली तिला एक ते तीन वर्षं तिथे ठेवता येतं. गुन्हा दलालाचा आणि कुलूप तिच्या दाराला! सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशाच तीन सज्ञान तरुणींना सुधारगृहात ठेवण्याचा आदेश रद्द केला. वेश्याव्यवसाय करणं हा या कायद्याखाली गुन्हा नाही आणि सज्ञान स्त्रीला आपला व्यवसाय निवडण्याचा हक्क आहे, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. त्या तिघींना उच्च न्यायालयापर्यंत जाता आलं. बहुतेकींना त्यांच्यासाठी वकील उभा राहू शकतो हेसुद्धा ठाऊक नसतं.

बाहेर पडल्यावर ती गावी जाते. दलाल बहुधा त्याच पंचक्रोशीतला, कधी कधी नात्यातलाच. भरपाईसाठी विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा असतो, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. पुढे कधीतरी साक्षीचं समन्स निघतं. प्रवासाला पैसे नाहीत, घरच्यांचा विरोध, जिवाची भीती. ती येत नाही आणि आरोपी सुटतो. तुम्ही जिला अंमलबजावणीतली खोट म्हणता, ती मला इथे सुरू होताना दिसते. साक्षीदाराला वाऱ्यावर सोडून जन्मठेपेचं कलम सिद्ध कसं करायचं?

मजुरांची गोष्ट तर आणखी मागे पडली आहे. फेब्रुवारी २०१३ च्या अध्यादेशात शोषणाच्या व्याख्येत सक्तीची मजुरी होती. संसदेत कायदा मंजूर झाला तेव्हा ते शब्द गळले आणि कलम १४३ मध्येही परतले नाहीत. वीटभट्टीवर किंवा कोळसा भट्टीवर राबणारं कातकरी कुटुंब डोळ्यांपुढे आणा. पावसाळ्यात पोटासाठी घेतलेली उचल, तिचा हिशेब मालकाच्या वहीत, ती वही या कुटुंबाला वाचता येत नाही, आणि हंगाम संपला तरी बाकी फिटत नाही. यांची सुटका झाली तर १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा आहे आणि केंद्राची पुनर्वसन योजनाही आहे. तातडीची मदत तीस हजारांपर्यंत मिळू शकते. एक ते तीन लाखांची खरी रक्कम मात्र मालकाला शिक्षा होण्याशी बांधलेली आहे. तोवर चूल कशी पेटायची? मग ते कुटुंब पुन्हा उचल घेतं.

आता दुसरा आक्षेप. २६ जुलै २०१८ ला लोकसभेने मंजूर केलेल्या विधेयकात नेमकी ही गाठ सोडवलेली होती. पुनर्वसन खटल्याच्या निकालावर अवलंबून नव्हतं, तीस दिवसांत अंतरिम मदत, आरोपपत्रानंतर साठ दिवसांत पुढची मदत, आणि त्यासाठी वेगळा निधी. एवढ्यासाठी मी आजही त्या विधेयकाची आठवण काढते. पण त्याच विधेयकात सज्ञान व्यक्तीलाही संरक्षणगृहात जायचं नसेल तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागणार होता, आणि तो स्वेच्छेने केलेला वाटला नाही तर फेटाळता येणार होता. म्हणजे पुन्हा तेच कुलूप. सांगलीच्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेसारख्या, वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांच्याच संघटना पिटाच्या कलम १७ चे चटके सोसून बोलत होत्या. विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे पाठवा, अशी मागणी तेव्हा झाली होती. पाठवलं असतं तर हे कलम काढून बाकीचं वाचवता आलं असतं, असं माझं ठाम मत आहे. तसं झालं नाही, राज्यसभेत विधेयक आलंच नाही आणि २०१९ मध्ये लोकसभेची मुदत संपली तसं ते व्यपगत झालं, म्हणजे आपोआप बाद झालं. २०२१ च्या नव्या मसुद्यावर १४ जुलैपर्यंत हरकती मागवल्या, पण तोही कायद्यापर्यंत पोहोचला नाही. तेव्हा मदत हक्काने मिळावी आणि कुलूप नसावं, या दोन मागण्यांत मला विरोध दिसत नाही.

एक विनंती. तुम्ही सोडवलेल्या मुलींपैकी कितीजणी साक्षीला आल्या आणि ज्या आल्या त्या कशाच्या बळावर आल्या, हे तुमच्याइतकं नेमकं कुणी सांगू शकणार नाही. नावं-गावं वगळून जरूर लिहा. पुढच्या लेखात मला ते तुमच्याच शब्दांत छापायचं आहे.