"सायकलच गेली की, गाडी तर नाही!"

आज सकाळी चहाच्या टपरीवर हे वाक्य ऐकलं आणि डोकं फिरलं. ज्याची सायकल गेली त्यालाच हसत सांगत होते. तो माणूस यळ्ळूरहून बेळगावच्या उद्यमबागला फौंड्रीत रोज सायकल मारत जातो. शिफ्ट सुटल्यावर बाहेर आला तर जागेवर फक्त केबल लॉक. वरचं प्लास्टिक सरळ कापलेलं, आतल्या तारा विस्कटलेल्या. किल्ली मात्र खिशात शाबूत!

पोलीस ठाण्यात काय झालं? "हरवली म्हणून लिहून द्या." अहो, हरवायला ती काय छत्री आहे? मित्रांनो, असं कधीही लिहून देऊ नका. हरवली लिहिलं की गुन्हाच उरत नाही, मग चोर शोधायचा कुणी?

आता कायदा बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. कलम ३०३ खाली चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद. पण माल ५००० रुपयांच्या आतला असेल तर गुन्हा अदखलपात्र. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. चार वर्षं वापरलेल्या सायकलीला कोण पाच हजार म्हणेल? म्हणजे ज्याचं पोट त्या सायकलीवर, त्याचीच चोरी किरकोळ. पोलिसांकडे माणसं कमी आहेत, मान्य. तरी साधी नोंद करायला कितीसा वेळ लागतो?

म्हणून बिल जपा. तक्रारीत सायकलबरोबर गेलेलं सगळं लिहा: कॅरिअर, डायनॅमो, पंप, पिशवीतला डबासुद्धा. खरी किंमत लिहा, फुगवू नका. तुम्ही तोंडी सांगितलेलं लिहून घेतलं की वाचून दाखवणं त्यांना बंधनकारक आहे. कागद कन्नडमध्ये असेल आणि वाचता येत नसेल तर सही करण्याआधी अर्थ विचारा. लाजू नका. एफआयआरची प्रत फुकट मिळते. गुन्हा दखलपात्र असूनही घेत नसतील तर तक्रार लेखी करून पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवा.

आणि फ्रेम नंबर! त्या माणसाला विचारलं तर म्हणाला, "असतो काय तसला नंबर?" त्याचा काय दोष, दुकानदार सांगतच नाहीत. सायकल उलटी करा. दोन्ही पायडलांचे दांडे जिथे जोडलेत त्या आडव्या नळीच्या खाली बघा. चिखल आणि ग्रीस साचलेलं असतं, रॉकेलच्या फडक्याने पुसा. तिथे नसेल तर सीटखालच्या नळीवर किंवा हँडलखाली पुढच्या नळीवर सापडेल. अक्षरं पुसट असतील तर वर कागद धरून पेन्सिल घासा, आकडे उमटतात. सायकल सापडली तरी कोर्टातून सोडवताना ती तुमचीच आहे हे याच नंबराने दाखवता येतं.

कुलपाचं म्हणाल तर मागच्या चाकाचं नालेसारखं कुलूप हे कुलूप नव्हेच, सायकल उचलून टेंपोत टाकली की संपलं. पातळ केबल कटरपुढे क्षणभर टिकते. जाड कडक साखळी किंवा यू-लॉक घ्या, आणि फ्रेम व मागचं चाक दोन्ही एकत्र खांबाला बांधा. नुसतं पुढचं चाक बांधलं तर चाक ठेवून बाकीची सायकल जाते. सायकलवाले पण नको तिथे टेकवून जातात, हेही खरंच म्हणा.

पण सगळ्यात जास्त राग येतो तो "पाचशेत मिळाली बघ" म्हणून मिरवणाऱ्यांचा. बिल नाही, नंबर घासलेला, आणि तुम्हाला काहीच कळलं नाही होय? चोरीचा माल असल्याचं कळण्यासारखं असूनही घेतला तर कलम ३१७ आहे, त्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद.

तो फौंड्रीवाला आज चालत गेला. वाक्य फेकणारा मोटरसायकलवरून त्याच रस्त्याने गेला, पण मागची सीट रिकामीच.

असो. नंबर सापडत नसेल तर कमेंटमध्ये फोटो टाका, पण नंबर झाकून. कुठे बघायचं ते सांगतो.