नडगीवरचा फुली-गोळा

माझ्या पायाची नडगी ही आमच्या घरातली पाटी आहे. कातडी इतकी कोरडी की नखाने रेघ ओढली तर पांढरीशुभ्र उमटते. परवा चिरंजीवांनी तिच्यावर फुली-गोळा मांडला, दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळून स्वतःच जिंकले आणि पुढच्या डावासाठी दुसरा पाय मागितला. काळा मोजा उलटा केला की पीठ चाळल्यासारखं काहीतरी सांडतं. ते पीठ म्हणजे मीच.

खाजेचं बोलू नये. ती चारचौघांत सुटते आणि खाजवता येणार नाही अशाच जागी सुटते.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "आंघोळ कशी करता?" मी अभिमानाने सांगितलं, "कडकडीत पाणी, अर्धा तास, साबण दोनदा." त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, कातडीचा सगळ्यात वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशींच्या विटा. त्या विटांमधला चुना तेलकट असतो : सेरामाइड, कोलेस्टेरॉल, मेदाम्लं. गरम पाणी आणि साबण मिळून तो चुना खरवडतात, आणि मग आतलं पाणी फटींतून उडून जातं. त्यात नडगीवर तेलग्रंथी मुळातच कमी. म्हणजे कोलेस्टेरॉल रक्तात नको तेवढं आणि कातडीत हवं तेवढं नाही. माझ्या एकंदर कारभाराला साजेसंच.

हुकूम निघाला : पाणी कोमट, आंघोळ दहा मिनिटांत, अंग पुसायचं नाही, टिपायचं. आणि ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, सगळ्या अंगाला क्रीम. किती? तर्जनीच्या शेवटच्या पेरावर पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. पूर्ण अंगाला अशा चाळीस रेघा.

चाळीस रेघा, तीन मिनिटं. एका रेघेला साडेचार सेकंद. एवढ्या वेळात मला ट्यूबचं झाकणही उघडत नाही.

पहिल्या दिवशी हात आणि छाती उरकेपर्यंत दोन मिनिटं गेली. पायांना घाईघाईत जे लागलं ते लागलं. मग आली पाठ. वरून हात घातला, खालून घातला, दोन्ही हातांची भेट काही होईना. मधोमध एक पट्टा असा आहे की तिथे मी जन्मात कधी पोचलेलो नाही. आपल्याच मालकीची जमीन, आणि आपल्यालाच वाट नाही! शेवटी दाराला क्रीम फासलं आणि म्हैस खांबाला पाठ घासते तशी घासू लागलो. दार दणादणा वाजायला लागलं.

"अहो, काय चाललंय आत?"

"औषध लावतोय!"

"दाराला?"

उत्तर द्यायला बाहेर यावं म्हटलं, तर बुळबुळीत हातांनी कडी निघेना. बाहेरून सौभाग्यवती सूचना करतायत, आतून मी घसरतोय, आणि चिरंजीव दाराच्या फटीतून विचारतायत, "बाबा अडकलेत का?" टॉवेलने हात पुसल्यावर सुटका झाली. मात्र त्या पुसण्यात तीन-चार रेघा वाया गेल्या.

रात्री टाचांना पेट्रोलियम जेली. तिचं पेटंट रॉबर्ट चीझब्रो नावाच्या रसायनतज्ज्ञाने १८७२ साली घेतलं. हा गृहस्थ ती रोज चमचाभर खायचा म्हणतात, आणि जगला ९६ वर्षं. मी लावण्यावर भागवलं. तरी सकाळी पांघरूण माझ्यासोबतच उठलं. ही जेली स्वतः पाणी देत नाही, आहे ते उडू देत नाही, एवढंच तिचं काम. पांघरूणही उडू देत नाही हे मात्र डॉक्टर बोलले नव्हते.

महिनाभर नेमाने हे सगळं केलं. खाज गेली. मोजे काळेच निघू लागले. एका संध्याकाळी चिरंजीवांनी हक्काने पाय ओढला, नख फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"बाबा, उमटतच नाहीये." डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

मग ते माझ्यामागे गेले आणि सदरा वर केला. सध्या पाठीच्या मधल्या पट्ट्यावर रोज डाव रंगतो. मला फुली दिली आहे. दिसत काहीच नाही, त्यामुळे मीच हरतो.