मान खाली घातलेली साक्षीदार

देहबोली वाचायला शिकवणाऱ्या व्हिडिओंचा सध्या सुकाळ आहे. नाकाला हात लावला म्हणजे थाप, हाताची घडी घातली म्हणजे विरोध, नजर चुकवली म्हणजे चोरी, एवढे कोष्टक पाठ केले की समोरचा माणूस ओळखता येतो, असा त्यांचा दावा असतो. तालुक्याच्या न्यायालयात 27 वर्षे दिवाणी वकिली केल्यावर माझे मत नेमके उलटे झाले आहे, आणि त्याला माझीच एक चूक कारणीभूत आहे.

वकिलीच्या चौथ्या वर्षी एका वाटपाच्या दाव्यात मी प्रतिवादीकडून, म्हणजे थोरल्या भावाकडून उभा होतो. वादी होती त्याच्या मयत धाकट्या भावाची पत्नी. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ती डोक्यावरचा पदर दोन बोटांनी धरून उभी होती आणि माझ्या प्रत्येक प्रश्नाला समोरच्या लाकडी कठड्याकडे पाहत उत्तर देत होती. मधूनच तिचा आवाज इतका खाली जाई की साक्ष टंकित करणाऱ्याला पुन्हा विचारावे लागे. मी मनातून खूश होतो. जिला माझ्या डोळ्याला डोळा भिडवता येत नाही तिच्यावर न्यायालयाने विश्वास ठेवू नये, असे अंतिम युक्तिवादात मी मोठ्या आवेशाने सांगितले. निकाल सातबारा आणि फेरफार नोंदींवर लागला, आणि तो तिच्या बाजूने लागला. तिने सांगितलेले गट क्रमांक, साल, कोण कधी वेगळे राहू लागले, सारे कागदांशी तंतोतंत जुळत होते. त्या संध्याकाळी आमचे वयस्कर कारकून दप्तर बांधता बांधता म्हणाले, ‘‘वकीलसाहेब, तुमच्या मागच्याच बाकावर तिचा थोरला दीर बसला होता. ती वर बघणार कशी?’’

तिच्या खाली गेलेल्या नजरेत काहीतरी आहे, हे मी बरोबर टिपले होते. ते काय आहे हे ठरवण्याची घाई मला नडली. नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव, म्हणजे मनातल्या भावनेच्या शरीरावर आपोआप उमटणाऱ्या खुणा, सांगितले आहेत आणि त्यांतल्या एका घामाचीच कारणे पाहिली तरी राग, भीती, हर्ष, लाज, दुःख, श्रम, आजार, ऊन अशी लांबलचक यादी निघते. नटाला शिकवणाऱ्या त्या ग्रंथात कारणे अनेक आणि खूण एक, हे स्पष्ट आहे. आपण मात्र खुणेवरून थेट एकाच कारणावर उडी मारतो, आणि बहुतेक वेळा ते आपल्याला आधीपासूनच हवे असलेले कारण असते.

खोटे ओळखण्याच्या बाबतीत तर आपला आत्मविश्वास निव्वळ पोकळ आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो या संशोधकांनी 2006 मध्ये 24 हजारांहून अधिक लोकांच्या निवाड्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा खरे-खोटे ओळखण्याचे सरासरी प्रमाण 54 टक्के निघाले. नाणे उडवूनही 50 टक्के उत्तरे बरोबर येतात. संवादात शब्दांचा वाटा फक्त 7 टक्के असतो, हे व्याख्यात्यांचे लाडके वाक्यही असेच आहे. अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 मधील ज्या प्रयोगांतून हा आकडा आला, ते सुटा शब्द, त्याचा सूर आणि चेहऱ्याचे छायाचित्र यांवरून आवड-नावड ओळखण्यापुरते होते. हा आकडा सगळ्या बोलण्याला लागू असता तर मराठीचे अक्षरही न कळणाऱ्या न्यायाधीशाला 93 टक्के साक्ष समजली असती!

म्हणून चेहरे पाहूच नयेत, असे मी म्हणत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 18, नियम 12 न्यायाधीशांना साक्षीदाराच्या वर्तनाविषयी शेरा नोंदवण्याची मुभा देतो, आणि ती योग्यच आहे. पण ‘साक्षीदार या प्रश्नानंतर बराच वेळ गप्प राहिला’ हे निरीक्षण झाले, तर ‘साक्षीदार सत्य दडवत आहे’ हा निष्कर्ष झाला. शिकायचे ते या दोहोंत अंतर ठेवायला. त्यासाठी त्या माणसाची नेहमीची रीत आधी माहीत हवी, आणि ती कोणत्याही कोष्टकात सापडत नाही. म्हणून उलटतपासणीच्या सुरुवातीला मी गाव कोणते, शेतात काय पेरले, सकाळी कोणत्या गाडीने आलात, असे चार निरुपद्रवी प्रश्न विचारतो. जिथे लपवण्यासारखे काहीच नाही तिथे हा माणूस कसा बोलतो, हे त्यातून कळते.

मध्यंतरी एका खरेदीखतावरचे साक्षीदार, सत्तरीतले गृहस्थ, अशा प्रश्नांनाही थांबून थांबून उत्तरे देत होते आणि मान तिरकी करत होते. पूर्वीचा मी त्यावर भाषण ठोकले असते. या वेळी मी विचारले, ‘‘बाबा, नीट ऐकू येतंय ना?’’ त्यांनी उजव्या कानाला हात लावून नकारार्थी मान हलवली. न्यायाधीशांच्या परवानगीने मी पिंजऱ्याच्या जवळ जाऊन उभा राहिलो आणि त्यांची उत्तरे चटचट येऊ लागली. पुढे ते एकाच प्रश्नावर अडखळले: मुद्रांक कोणी विकत आणला? प्रश्न ऐकू आला होता, कारण तो त्यांनी स्वतःच्या तोंडाने पुन्हा उच्चारला, आणि मग कठड्यावरची बोटे घट्ट झाली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहणे तिथेच सोडले आणि मुद्रांक विक्रेत्याची नोंदवही मागवण्याचा अर्ज लिहायला घेतला.