हेडफोन घ्यायचाय? कान घरी ठेवून या

गेल्या महिन्याभरात चार जणांनी मला विचारलं, "दोन हजारांत चांगला हेडफोन कुठला रे?" चौघांनाही मी उत्तर दिलं नाही. तेव्हा माझा स्वतःचा हेडफोन कुरिअरच्या कुठल्याशा गोदामात निपचित पडला होता आणि मी जे बोललो असतो ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. आता राग निवलाय. निदान मला तसं वाटतंय. तेव्हा अनुभवाचे चार बोल सांगतो. जसंच्या तसं करा, हेडफोन झकास मिळेल. गाण्याचं काय होईल ते मागाहून बघू.

पहिली गोष्ट म्हणजे हेडफोन ऐकून घेऊ नये. आंबा नाकाशी धरून घ्यावा, चप्पल दोन पावलं चालून घ्यावी, साडी खांद्यावर टाकून आरशात बघावी. हेडफोन मात्र फोटो बघून घ्यावा. फोटोत एक दाढीवाला तरुण डोळे मिटून धबधब्यासमोर उभा असतो. त्याला बरं वाटतंय ना, मग तुम्हालाही वाटेल. मॉलमधल्या दुकानात गेलात तर हेडफोन काचेपलीकडे असतो, नाहीतर दोरीने बांधलेला नुसता सांगाडा असतो. "लावून बघता येईल का?" असं विचारलंत तर विक्रेता असा बघतो की जणू तुम्ही टूथब्रश वापरून बघायला मागितलात. मी विचारलं होतं. तुम्ही विचारू नका.

किंमत बघू नका, सवलत बघा. ५,९९९ वर काट मारून खाली १,७९९ लिहिलं असेल तर तुमचे ४,२०० रुपये वाचले. ते ५,९९९ आजवर कुणी भरले होते का, असली शंका काढायची नाही. ४,२०० म्हणजे बरोब्बर दहा वेळा चारशे वीस, हाही निव्वळ योगायोग.

लोकांचे अभिप्राय जरूर वाचा. "डिलिव्हरी वेळेत, पॅकिंग मस्त, आवाज नंतर सांगतो", पाच तारे. तो नंतर कधीच सांगत नाही.

आकड्यांवर श्रद्धा ठेवा. २० ते २०,००० हर्ट्झ असं बॉक्सवर छापलेलं असतंच. तीनशेच्या हेडफोनवर असतं आणि तीस हजारांच्याही. त्या पट्ट्यात कुठला स्वर किती डेसिबलने फुगवलाय आणि कुठला दाबलाय, हे कुणी छापत नाही. आवाज कसा आहे ते तेवढ्यानेच कळलं असतं, पण आपल्याला कुठे ते कळून घ्यायचंय? ड्रायव्हर, म्हणजे आतला चिमुकला स्पीकर, ४० मिलिमीटरचा की ५० चा, हे विचारा. मोठा तो चांगला. पातेल्यासारखं. सोनेरी 'हाय-रेझ' स्टिकरवाला मिळाला तर सोडूच नका. त्यातून ४०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज निघतो. माणसाला तरुणपणी २०,००० पर्यंत ऐकू येतं, चाळिशीनंतर त्याहून बरंच कमी. पण घरात वटवाघूळ असेल तर त्याची सोय होते.

एलडॅक हवंच, म्हणजे ब्लूटूथवरून गाणं कमी पिळून पाठवायची पद्धत, तीही ९९० केबीपीएसवाली. तुमच्या आयफोनला एलडॅक येतच नाही आणि तुम्ही गाणी ऐकता यूट्यूबवर, जिथे ती आधीच पिळून आलेली असतात, हे कुणाला सांगू नका.

बेसचं मात्र नीट समजून घ्या. आपल्याकडे हेडफोन दोनच प्रकारचे. एक बेसवाला आणि दुसरा टाकाऊ. माझ्या बॉक्सवर 'एक्स्ट्रा डीप बेस' असं होतं. घरी आणल्याबरोबर यमनची एक जुनी मैफल लावली. विलंबित एकताल, रात्रीची वेळ, घर शांत. काळी एक पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या स्वराची तार, ६९ हर्ट्झच्या आसपास वाजतो, म्हणजे कंपनीने जिथे हवा भरली होती नेमका तिथे. चार तारांतली ती एकटीच 'घूंऽऽ घूंऽऽ' करत राहिली. जोडाच्या तारा कुठे गेल्या, पहिली तार कुठे गेली, पत्ता नाही. जवारी, म्हणजे तारेचा झंकार, नीट लागलेल्या तंबोऱ्यातून कुणी न छेडलेला गंधार आपोआप उमटतो. स्वयंभू गंधार म्हणतात त्याला, आणि त्यासाठी लोक सवाईला थंडीत स्वेटर घालून बसतात. तो माझ्या १,७९९ मध्ये आलाच नाही. आणि डग्गा! तबलजी बिचारा हळुवार ठेका देत होता आणि दर 'धिं'ला मला वाटत होतं लक्ष्मी रोडवरून पथक चाललंय. गायिका त्या गर्दीत कुठेतरी मागे, चेंगरत.

भाच्याला लावायला दिला. तो म्हणाला, "मामा, लई भारी! छाती हलते." अरे, छातीच हलवायची तर डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकड की, पासात हलते.

इअरबड्स घेणार असाल तर पाकिटात तीन मापांची रबरी टोकं येतात. ती ड्रॉवरमध्ये टाका. मधलं माप कंपनीने लावून दिलेलंच असतं आणि सगळ्या महाराष्ट्राचे कान एका मापाचे आहेत. टोक कानात घट्ट बसलं नाही की खालचे स्वर गळून जातात. मग दोन मिनिटं टोक बदलून बघण्याऐवजी 'बेस नाही' म्हणून एक तारा देऊन मोकळं व्हा.

गाडीत चढताना एक बड दिवा स्टेशनच्या रुळांवर पडेल. ही विनोदाची गोष्ट नाही, आई म्हणाली, "कानातलं हरवलं की दुसरंही निरुपयोगी, आम्हाला विचार."

गोंगाट बंद करणारा हेडफोन हवा असेल तर अक्षरं नीट वाचू नका. एएनसी म्हणजे बाहेरचा आवाज तुमच्या कानापर्यंत येऊ न देणारी सोय. ईएनसी म्हणजे तुम्ही फोनवर बोलत असताना तुमच्या मागचा कलकलाट पलीकडच्याला ऐकू जाऊ न देणारी. एका अक्षराचा फरक. बॉक्सवर 'ईएनसी' हाताएवढ्या अक्षरांत असतं आणि लोक ते घेऊन आनंदाने लोकलमध्ये चढतात. १,२९९ रुपये तुम्ही मोजायचे, शांतता तुमच्या साहेबाला. बरं, खरं एएनसी घेतलंत तरी ते पंख्याची, एसीची, गाडीची एकसुरी घरघर कमी करतं. दारातून येणारं "आत सरका, आत सरका" ते कमी करत नाही. भजनी मंडळाचे टाळ तर नाहीच नाही, आणि खरं सांगू? त्यांचा ठेका माझ्या हेडफोनपेक्षा स्वच्छ ऐकू येतो.

आवाज कायम शेवटच्या रेघेपर्यंत ठेवा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास पुरे. त्यांनी आपली लोकल ऐकलेली नसावी.

वायरवाला हेडफोन? शी! २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून हेडफोनचं भोक काढून टाकलं आणि मंचावरून त्याला धाडस म्हटलं. बाकीच्यांतल्या काही कंपन्यांनी आधी टिंगल केली आणि मग गुपचूप आपापली भोकं बुजवली. आता वायर म्हणजे गरिबी. केझेड, मूनड्रॉप अशा चिनी कंपन्यांचे वायरवाले इअरफोन दीड-दोन हजारांत मिळतात, त्यातल्या बऱ्याच मॉडेलांची केबल वेगळी निघते, तुटली तर तेवढीच बदलता येते. सी-टाइपचं छोटं डोंगल लावलं की भोक नसलेल्या फोनलाही चालतात. बॅटरीच नाही, त्यामुळे दोन-तीन वर्षांत ती मरते आणि अख्खी वस्तू कचऱ्यात जाते, तो आनंद नाही. सोनीचा एमडीआर-७५०६ तर १९९१ पासून विकला जातोय, स्टुडिओंमध्ये अजून दिसतो, कानावरच्या गाद्या फाटल्या तर नव्या मिळतात. असल्या जुनाट वस्तू कोण घेणार? आपल्या गादीचं रेक्झीन एका पावसाळ्यात सोलून कानाला काळे तुकडे चिकटले पाहिजेत. ऑफिसात लोक विचारतात, "कानाला काय लागलंय?" ओळखी वाढतात.

आता वॉरंटी. इथे मी जरा वेळ घेणार आहे.

दिवाळीत घेतलेला हेडफोन. मार्चअखेर डावा कप गेला. आधी खरखर, मग माळ्यावर उंदीर असावा तशी कुरतड, मग काहीच नाही. वॉरंटी एक वर्षाची, म्हणून मी निर्धास्त. कंपनीच्या व्हॉट्सॲपवर लिहिलं. यंत्राने पर्याय दिले. त्यात 'एक कान बंद' हा नव्हता. 'इतर' दाबलं. 'इतर'मधून परत पहिल्या पानावर. असं तीन दिवस. चौथ्या दिवशी माणूस मिळाला. अतिशय गोड आवाजात म्हणाला, "सर, डाव्या बाजूने आवाज येत नाहीये, त्याचा व्हिडिओ पाठवा."

आवाज न येण्याचा व्हिडिओ.

पाठवला हो! बायकोला म्हटलं पंखा बंद कर, कुकर उतरव. उजवा कप फोनच्या माइकला लावला, गाणं ऐकू आलं. मग डावा लावला. तीस सेकंद शुद्ध शांतता. दुसऱ्या दिवशी उत्तर: "सर, व्हिडिओच्या दुसऱ्या भागात ऑडिओ नाहीये. कृपया ऑडिओसह पुन्हा पाठवावा."

मी पुन्हा काढला. या वेळी डावा कप धरून मी स्वतः ओरडलो, "बंद आहे!" तो मंजूर झाला.

मग बिल. मग मूळ बॉक्स, तोही न फाटलेला. मग खरेदीनंतर चौदा दिवसांत नोंदणी केली होती का? केली होती! मी तसलाच माणूस आहे. मग कुरिअरवाला. दोनदा 'ग्राहक घरी नाही', आणि दोन्ही वेळा ग्राहक दारात स्टूल टाकून बसलेला. तिसऱ्यांदा न्यायला आला. एकोणीस दिवस गेले आणि मग निरोप: "सर, आपल्या प्रॉडक्टमध्ये मॉइश्चर आढळलं आहे. वॉरंटी लागू होत नाही."

मॉइश्चर? मी काय हेडफोन घालून खाडीत उतरलो होतो? त्याच बॉक्सवर ठळक अक्षरात आयपीएक्स५ छापलंय. आयपीएक्स५ म्हणजे नळीने पाण्याचा फवारा मारला तरी वस्तू चालली पाहिजे. शेजारी फोटोत घामाने निथळणारा पैलवान वजनं उचलतोय. त्याचा घाम चालतो आणि माझा चालत नाही? मी हिशेबनीस माणूस, दिवसभर खुर्चीत. माझा घाम त्याच्या मानाने सरबत आहे! आणि कोकणपट्टीतल्या हवेत ओलावा नसेल तर काय वाळवंट असेल? हे मुंबईत विकताना माहीत नव्हतं? विकताना पाण्यात बुडवलेल्या हेडफोनची जाहिरात आणि दुरुस्तीला आला की "ओल आढळली". मग छापता कशाला? वॉरंटी द्यायचीच नव्हती तर पाचशे रुपयांनी स्वस्त विका आणि 'मेला तर मेला' असं लिहा बॉक्सवर, मी तोच घेतला असता!

जाऊ दे. पुढचा सल्ला, सहावा की सातवा... नको. सल्ले पुरे झाले.

त्या कंपनीला शिव्या घालून मोकळं व्हायला मलाही आवडलं असतं. पण तिला पोसतो कोण? तुम्ही आणि मी. बॉक्समध्ये 'पाच तारे द्या, शंभर रुपये मिळवा' असं कार्ड निघतं आणि आपण वस्तू कानाला लावायच्या आधी तारे देतो. शंभर रुपयांत विकतो आपला शब्द! तोच वाचून पुढचा फसतो, आणि पुढच्या वर्षी आपणही. वर्षाला एक मेलेला हेडफोन ड्रॉवरमध्ये टाकायचा, सेलमध्ये दुसरा घ्यायचा आणि याला म्हणायचं 'बजेट'. अहो, १,७९९ चे पाच म्हणजे नऊ हजार झाले. नऊ हजारांत वर्षानुवर्षं चालणारी, दुरुस्त होणारी, गाणं गाण्यासारखं ऐकवणारी वस्तू आली असती. ते नाही. आपल्याला बेस पाहिजे. बेस, बेस आणि बेस! बास करा आता.

ऐकून घ्या. दुकानात जा, स्वतःचा फोन न्या, शंभरदा ऐकलेलं गाणं लावा, ज्यातला प्रत्येक श्वास तुम्हाला पाठ आहे. तंबोरा ऐकू येतोय का? तुमचं सिंथेसायझरचं गाणं असेल तर तेही चालेल, पण त्यातला गायक पुढे आहे का मागे, ते बघा. चष्मा असेल तर चष्म्यासकट पंधरा मिनिटं डोक्यावर ठेवा. गादी बदलून मिळते का विचारा. वाजवू देत नसतील तर बाहेर पडा, तुम्ही गेल्याने त्यांचं दुकान बंद पडत नाही, पण दहा जण गेले तर एक नमुना बाहेर काढतील. लॅमिंग्टन रोडवर २०१२ साली एका दुकानदाराने माझ्यासमोर तीन पाकिटं फोडली होती. "तुमचं गाणं लावा साहेब, माझं नको," म्हणाला. साडेआठशे रुपयांचे ते इअरफोन. वायरला दोन ठिकाणी काळी चिकटपट्टी आहे. मी हे लिहिताना तेच कानात आहेत आणि दोन्हीकडून ऐकू येतंय.

मघाशी बेल वाजली. कुरिअरवाला. माल दुरुस्त न करता परत, वर परतीच्या भाड्याचे १४९ रुपये. दिले. बॉक्स टेबलावर तसाच आहे. वर चिठ्ठी आहे, उघडताना व्हिडिओ काढावा, अन्यथा तक्रार ग्राह्य धरली जाणार नाही. बायको भाजीला गेलीय, व्हिडिओ धरायला घरात कुणी नाही.