खुर्चीवरून भांडण

आतेभावाने परवा घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. सोनेरी केसांची एक बाई घडीच्या लोखंडी खुर्चीवर मागे वाकलेली, मांड्यांना पट्टा आवळलेला. खाली ओळ : ‘आता ह्या शिकवणार आपल्याला योग!’ २१ जून जवळ आला की आमच्या ग्रुपला दरवर्षी हा ताप चढतो. काकांनी लगेच भर घातली, ‘योगाला खुर्ची? खुर्ची म्हातारपणी लागते, बसायला.’ त्यावर सतरा अंगठे.

मी इकडे इंग्लंडात, शेफील्डमध्ये लांबलचक उत्तर लिहिलं आणि खोडलं. काकांना कोण उलटून बोलणार? पण डोक्यातून जाईना.

अरे, ती खुर्ची पुण्याची आहे! तिची पाठ काढून टाकून तिच्यावर माणसाला वाकवायची कल्पना काही लंडनमध्ये निघाली नाही. मॉडेल कॉलनीत, हरे कृष्ण मंदिर रस्त्यावर १९७५ साली उभ्या राहिलेल्या, योगगुरू अय्यंगारांच्या संस्थेच्या इमारतीत अशा खुर्च्या, भिंतीला टांगलेले दोर, लाकडी विटा आणि लोड यांचं सगळं शास्त्र घडत गेलं. आमच्याकडे लोड म्हणजे लग्नात मामालोकांनी रेलायची वस्तू. तोच लोड छातीखाली घेऊन श्वास कसा मोकळा होतो, हे मला इथे चर्चच्या हॉलमधल्या योगाच्या वर्गात कळलं. त्या हॉलमध्ये रेडिएटरचा वास असतो आणि भिंतीवर ब्राउनीच्या, म्हणजे गाइडमधल्या छोट्या पोरींनी काढलेली फुलपाखरं.

बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले तेव्हा अठरा वर्षांचे होते. गुरू आणि मेहुणे टी. कृष्णमाचार्य यांनी त्यांना डेक्कन जिमखान्यावर शिकवायला धाडलं होतं, तेही सहा महिन्यांपुरतं. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय असं सगळं भोगून झालेलं शरीर. मराठी येत नाही, इंग्रजी जेमतेम, आणि समोर कॉलेजची पोरं, मास्तरपेक्षा धडधाकट. सहा महिन्यांसाठी आलेला हा माणूस २०१४ साली गेला तोही पुण्यातच. आतेभाऊ ‘आपला योग’ म्हणतो तेव्हा मला विचारावंसं वाटतं, आपला म्हणजे कोणाचा? कर्नाटकातल्या बेल्लूरचा हा माणूस पुण्यात परकाच होता. (हे वाक्य मला फार आवडतं. का, ते पुढे येईल.)

ज्याचं स्वतःचं शरीर सरळ चालत नाही, त्याला दुसऱ्याच्या शरीराची अडचण लवकर दिसते. त्यांच्या शिकवण्याचा गाभा मला तरी हाच वाटतो. त्रिकोणासनात हात जमिनीला पोचत नाही? मग जमीन वर आणा, हाताखाली वीट ठेवा. पण मागच्या पावलाची बाहेरची कड उचललेली चालणार नाही, गुडघ्याची वाटी वर ओढलेलीच हवी. सवलत आणि कडकपणा एकाच वेळी. कडकपणा इतका की त्यांच्या आद्याक्षरांचा ‘बँग, किक, स्लॅप’ असा अर्थ विद्यार्थी गमतीने लावत. आमच्या शाळेतल्या पीटीच्या सरांनी फक्त दुसरा भाग उचलला होता.

आता आतेभावाचा पुढचा मुद्दा मला पाठ आहे : ‘गोऱ्यांनी अध्यात्म काढून टाकलं, नुसता व्यायाम ठेवला.’ तर ऐक. १९६९ च्या सुमारास लंडनच्या शिक्षण खात्याने प्रौढांच्या वर्गांत अय्यंगारांचा योग घेतला तो या अटीवर की फक्त आसनं आणि प्राणायाम शिकवायचे, तत्त्वज्ञान नको. आणि अय्यंगारांनी ती अट मान्य केली. चोरी कसली, सरळ व्यवहार होता. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युइन त्यांना १९५२ मध्ये मुंबईत भेटले, आणि पुढे ‘माझ्या सर्वोत्तम व्हायोलिनशिक्षकास’ असं कोरलेलं घड्याळ त्यांनी १९५४ मध्ये भेट दिलं. आपली पद्मश्री १९९१ ची. हिशेब करा.

इथल्या वर्गात आम्हाला योग शिकवणाऱ्या बाई पूर्वी नर्स होत्या. पेशंट उचलून उचलून पाठ गेली, म्हणून वर्गाला आल्या आणि तिथल्याच झाल्या. आधी काही वर्षं नुसत्या विद्यार्थिनी, मग उमेदवारी, मग परीक्षा. नवीन माणूस आला की आधी विचारतात : रक्तदाब? गुडघे? मानेचं काही? जीपीने, म्हणजे इथल्या सरकारी फॅमिली डॉक्टरने, मला फिजिओच्या यादीत टाकलं होतं. नंबर लागेपर्यंत बाईंनी माझा खांदा निम्मा सोडवला होता. आणि कोथरूडमध्ये आतेवहिनीच्या सोसायटीत शिकवणारा मुलगा दोनशे तासांचं सर्टिफिकेट भिंतीला लावून पहिल्याच दिवशी पन्नाशीच्या बायकांना शीर्षासनात ढकलतो. दोनशे तासांची ही टूम मुळात अमेरिकेतली आहे, पण ते आत्ता माझ्या सोयीचं नाही.

खरी गोष्ट वेगळीच आहे. मी त्या इमारतीपासून चार गल्ल्यांवर वाढलो. शाळेत जाता-येता रोज सायकलवरून तिच्यासमोरून जायचो. फाटकाशी गोरी माणसं दिसायची, आम्ही लांबून ‘हॅलो हॅलो’ ओरडून पॅडल मारायचो. बावीस वर्षांत एकदाही आत गेलो नाही. घरातलं कुणीच गेलं नाही. आतेभाऊही नाही.

इथे वर्गाच्या पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, पुण्यात कुठे? मी सांगितलं. त्या क्षणभर गप्प झाल्या, काशी म्हटल्यावर माझी आजी व्हायची तशा. मग म्हणाल्या, ‘म्हणजे तुम्ही गुरुजींना पाहिलंत?’

मी म्हटलं, ‘हो, बरेचदा.’

तेव्हापासून वर्गात माझा मान आहे. बाई ‘पश्चिमोत्तानासन’ म्हणतात आणि माझ्याकडे बघतात. मी मान डोलावतो, त्या ‘त्ता’ गिळतात तरी. त्या तीनदा पुण्याला महिना-महिना राहून आल्यात. कुठल्या कोपऱ्यावर शहाळं स्वस्त मिळतं ते त्यांना ठाऊक आहे, मला नाही.

डिसेंबरात पुण्याला गेलो तेव्हा त्यांच्यासाठी फाटकाचा फोटो काढला. फाटकाशी दोन-तीन गोरे उभे होते, मीही त्यांच्यासारखाच पाठीवर सॅक लावून. रस्त्यावरून सायकलवर पोरांचं टोळकं गेलं. त्यांनी ‘हॅलो’ म्हटलं. कुणाला, ते मी वळून पाहिलं नाही.

फोटो पाठवला. बाईंचं लगेच उत्तर आलं : ‘यात तुमचं घर कुठे?’ घर पाडून तिथे सात मजले झालेत, माझा भाऊ बाणेरला गेलाय. मी लिहिलं, ‘डावीकडे, झाडामागे. नीट दिसत नाही.’